गर्भाशयमुखाचा कर्करोग : ग्रंथींतील प्रसाराचा आगाऊ अंदाज

शेतात अनवाणी चालताना पायात काटा रुतला आणि तो पिकला, की दोन-तीन दिवसांत जांघेत एक दुखरी गाठ उठते. खेड्यापाड्यांत तिला अवधाण म्हणतात. जखम पायाला आणि सूज मात्र जांघेत, याचे लहान मुलांना नवल वाटते. मोठ्यांना सवयीने त्याचे काही वाटेनासे होते. शरीरात रक्तवाहिन्यांच्या जोडीने आणखी एक जाळे पसरलेले आहे. त्या जाळ्यातून पाण्यासारखा पातळ, फिकट द्रव संथपणे वाहत असतो. त्याला लसिका म्हणतात. या वाटेवर ठिकठिकाणी लहान लहान ग्रंथी असतात. पूर्वी गावाच्या वेशीवर जकातीचे नाके असे, तशाच या ग्रंथी. येणारा माल तेथे अडविला व तपासला जातो. पायातील जंतू लसिकेबरोबर वर निघतात, जांघेतील ग्रंथीत अडकतात, तेथे त्यांच्याशी झुंज होते आणि ग्रंथी सुजते.

गर्भाशयाच्या मुखाला होणारा कर्करोग याच वाटेने पुढे सरकतो. परंतु या रोगाच्या वाटेवरील पहिल्या ग्रंथी ओटीपोटाच्या खोल भागात, मोठ्या रक्तवाहिन्यांना बिलगून असतात. त्या बोटाला लागत नाहीत. कर्करोगाच्या चार-दोन पेशी तेथे येऊन बसल्या तरी ग्रंथी दुखत नाही आणि प्रारंभी फारशी वाढतही नाही. रोग मुखापुरताच आहे की पहिल्या नाक्यापर्यंत पोहोचला आहे, हे रुग्ण स्त्रीला कळत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नुसत्या हाताने कळत नाही. तरीही उपचार कोणता करावयाचा, हे मुख्यतः याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. प्रत्यक्ष ग्रंथी काढून पाहण्यापूर्वी या उत्तराचा अंदाज बांधता येईल काय, याचा शोध वैद्यकशास्त्र गेली अनेक दशके घेत आहे.

रोगाची सुरुवात आणि पहिली अवस्था

२०२२ या वर्षासाठी केलेल्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात या रोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण आढळल्या आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. रोगाचे मूळ कारण म्हणजे एचपीव्ही नावाचा विषाणू होय. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी हा संबंध दाखवून दिला व त्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचा संसर्ग असंख्य स्त्रियांना होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. ज्या थोड्या जणींत तो ठाण मांडून राहतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या आवरणात प्रथम पूर्वबदल घडतात आणि पुढे कित्येक वर्षांनी त्यांतून कर्करोग उद्भवतो.

रोग गर्भाशयमुखापुरता मर्यादित असेपर्यंत त्याला पहिली अवस्था म्हणतात. या अवस्थेतही पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवर रोगाची मुळे आतल्या ऊतीत ३ मिलिमीटरपर्यंतच, म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्या जाडीहूनही कमी उतरलेली असतात. ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. पुढची पायरी ५ मिलिमीटरपर्यंतची. त्यानंतर २ सेंटिमीटरहून लहान, म्हणजे बोराएवढ्या गाठी येतात, मग २ ते ४ सेंटिमीटरच्या आणि शेवटी लिंबाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या. पायरीगणिक ग्रंथींचा धोका चढत जातो. ३ मिलिमीटरच्या आतील रोगात ग्रंथी बाधित असण्याची शक्यता शंभरांत एकाहूनही कमी असते. डोळ्यांना दिसणारी गाठ झाली, की ती साधारणतः शंभरांत बारा ते वीसपर्यंत जाते. पाच वर्षांनंतर किती स्त्रिया हयात असतात, या कसोटीवर हा फरक फार मोठा आहे. ग्रंथी मोकळ्या असलेल्या शंभरांपैकी सुमारे नव्वद स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात असतात. ग्रंथी बाधित असल्या तर हे प्रमाण जुन्या अनुभवानुसार पन्नास ते पासष्टपर्यंत उतरते.

एकीला दोन उपचारांचा भार

पहिल्या अवस्थेतील रोगावर दोन मार्ग आहेत. पहिला शस्त्रक्रियेचा. त्यात गर्भाशय, त्याच्या बाजूचे आधार देणारे पदर, योनीचा वरचा भाग आणि ओटीपोटातील लसिका ग्रंथी काढल्या जातात. दुसरा मार्ग किरणोपचाराचा, ज्याला रुग्णांच्या भाषेत ‘लाइट देणे’ म्हणतात. १९९९ पासून त्याच्या जोडीला बहुधा आठवड्यातून एकदा सिसप्लॅटिन हे औषध शिरेतून दिले जाते.

यांपैकी कोणता मार्ग चांगला, या वादाचे उत्तर इटलीतील एका काटेकोर अभ्यासाने दिले. तेथे १९८६ ते १९९१ या काळात ३४३ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागण्यात आले आणि निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ८३ टक्के निघाले. पण या अभ्यासातील दुसरा आकडा अधिक लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्या १६९ स्त्रियांवर प्रत्यक्ष शस्त्रक्रिया झाली, त्यांपैकी १०८ जणींना नंतर किरणोपचारही घ्यावा लागला, कारण काढलेल्या ग्रंथींत किंवा गाठीच्या कडांशी रोग अपेक्षेहून पुढे गेलेला आढळला. गंभीर स्वरूपाचे दुष्परिणाम शस्त्रक्रियेच्या गटात २८ टक्के स्त्रियांना झाले, केवळ किरणोपचार घेतलेल्या गटात १२ टक्के.

प्रश्नाचे सारे मर्म या आकड्यांत आहे. दोन्ही उपचार एकेकटे सोसण्याजोगे आहेत. ते एकाच ओटीपोटावर लागोपाठ झाले, की त्रास वाढतो. शस्त्रक्रियेनंतर आतडी खाली उतरून गर्भाशयाच्या रिकाम्या जागी चिकटतात आणि मग किरण त्यांच्यावरच पडतात. वारंवार जुलाब, शौचातून रक्त, आतड्याला अडथळा असे त्रास पुढे वर्षानुवर्षे राहू शकतात. ग्रंथी काढल्यामुळे लसिकेचा मार्ग तुटतो आणि पाय सुजतो. हत्तीरोगात पाय सुजण्यामागे लसिकेची अडलेली वाट हेच कारण असते. मूत्राशयाच्या मज्जातंतूंना इजा झाल्यास लघवीची जाणीवच बोथट होते. शेतात वाकून निंदणी करणारी, डोक्यावर हंडा वाहणारी स्त्री घरी परतते तेव्हा यांतील प्रत्येक त्रास तिच्या रोजच्या कामात आडवा येतो. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागलेल्या ३०० स्त्रियांचा अभ्यास केला. जुन्या पद्धतीच्या किरणोपचारानंतर तीन वर्षांत ४२ टक्के स्त्रियांना आतड्याचा मध्यम वा तीव्र त्रास उरला. प्रतिमांच्या साहाय्याने नेमका रोख धरणाऱ्या नव्या पद्धतीने तो २१ टक्क्यांवर आला. ही सुधारणा मोठीच आहे. तरी उरलेला त्रास मुळातच टाळायचा, तर एका स्त्रीला दोन उपचार लागू नयेत याची तजवीज आधी व्हावयास हवी.

ग्रंथी बाधित असल्याचे आधीच कळले, तर पोट न उघडता थेट किरणोपचार व औषध सुरू करता येते. ग्रंथी मोकळ्या असल्याची खात्री पटली, तर शस्त्रक्रिया एवढ्यावरच भागते. तिशीच्या आतबाहेरील, अजून अपत्य न झालेल्या तरुणीच्या बाबतीत तर याहून पुढचा प्रश्न येतो. फ्रान्समधील लियाँ येथील दानियल दार्जाँ यांनी १९८० नंतरच्या दशकात केवळ गर्भाशयमुख काढून गर्भाशय राखण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. ही वाट ग्रंथी मोकळ्या असतील तरच खुली होते. ग्रंथीत रोग असेल तर किरणोपचार अटळ होतो आणि त्याबरोबर मातृत्वाची शक्यता मावळते.

मोठ्या शस्त्रक्रियेचा वारसा

एर्न्स्ट वेर्टहाइम यांनी व्हिएन्ना येथे १८९८ मध्ये ही मोठी शस्त्रक्रिया प्रथम केली, तेव्हा रक्त देण्याची सोय नव्हती आणि प्रतिजैविकेही नव्हती. वेर्टहाइम केवळ सुजलेल्या, हाताला लागणाऱ्या ग्रंथी काढीत. बॉस्टनच्या जो मेग्ज यांनी १९४० नंतर ओटीपोटातील साऱ्याच ग्रंथी पद्धतशीर काढण्याची प्रथा पाडली. कलकत्त्याचे सुबोध मित्र यांनी योनिमार्गे गर्भाशय व पोटाच्या आवरणाबाहेरून ग्रंथी काढण्याची जी रीत बसविली, ती ‘मित्र शस्त्रक्रिया’ म्हणून ओळखली जाते. सर्वच ग्रंथी काढून तपासल्या तर अंदाजाचा प्रश्न उरत नाही, हे खरे. पण ज्या शंभर स्त्रियांच्या ग्रंथी अशा काढल्या जातात, त्यांपैकी ऐंशीहून अधिक जणींच्या ग्रंथी निर्दोष निघतात. निर्दोष ग्रंथी गमावण्याची किंमत सुजलेल्या पायाच्या रूपाने मात्र त्यांनाही मोजावी लागू शकते.

अंदाज कशावरून बांधतात

पहिले लक्षण म्हणजे गाठीचा आकार. दुसरे, ती गर्भाशयमुखाच्या भिंतीत किती खोल उतरली आहे. या दोहोंचे मोजमाप एमआरआय प्रतिमेवर होऊ शकते. तिसरे लक्षण सूक्ष्मदर्शकाचे आहे आणि कदाचित सर्वांत बोलके तेच असावे. गाठीच्या तुकड्याचा अतिशय पातळ काप काचपट्टीवर घेऊन विकृतिशास्त्रज्ञ पाहतो, तेव्हा गाठीच्या कडेला असलेल्या सूक्ष्म लसिकावाहिन्यांत कर्कपेशींचे पुंजके शिरलेले काही रुग्णांत दिसतात. ग्रंथीपर्यंत त्या पोहोचल्या आहेत असे याने सिद्ध होत नाही. परंतु वाटेला लागल्या आहेत हे कळते. पहिल्या अवस्थेतील रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, असा शिरकाव आढळलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्या ग्रंथी बाधित होत्या. शिरकाव न आढळलेल्यांत हे प्रमाण बारांत सुमारे एक होते.

याशिवाय रक्ताची एक तपासणी आहे. जपानच्या काटो व तोरिगोए यांनी १९७७ मध्ये या रोगाशी निगडित असा एक पदार्थ ओळखला; तो एससीसी प्रतिजन या नावाने प्रचलित झाला. रक्तात त्याचे प्रमाण बरेच वाढलेले असेल तर ग्रंथींविषयी संशय बळावतो. मात्र काही त्वचारोगांत आणि मूत्रपिंडे निकामी झाल्यावरही ते वाढते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सर्व प्रकारांत ते उपयोगीही पडत नाही. आधाराला घ्यावे, पण एकट्यावर विसंबू नये, अशी ही खूण आहे.

मग प्रतिमेवर ग्रंथी थेट का पाहू नयेत, असे कोणीही विचारील. सीटी किंवा एमआरआय प्रतिमेत ग्रंथी दिसतात. त्यांच्यातील पेशी दिसत नाहीत. म्हणून रुंदीवरून तर्क करावा लागतो. ग्रंथीची आखूड बाजू १० मिलिमीटरहून जास्त असेल तर ती संशयास्पद धरतात. परंतु ६ मिलिमीटरच्या ग्रंथीतही कर्कपेशी असू शकतात. त्या तपासणीतून सुटतात. उलट, गर्भाशयमुखाची गाठ जंतुसंसर्गाने चिघळलेली असेल तर ओटीपोटातील ग्रंथी अवधाणासारख्याच सुजतात आणि कर्करोग नसताना त्याचा भास निर्माण करतात. क्षयरोगाने वाढलेल्या ग्रंथींचीही तीच गत. आपल्या देशात ही शक्यता कधीच विसरून चालत नाही. पेट तपासणीत किरणोत्सर्गी साखर टोचून ती कोठे जास्त खेचली जाते ते पाहतात. ही तपासणी अधिक सूक्ष्म आहे, तरी ५ मिलिमीटरहून लहान ठिकाणे तिच्याही हातून निसटतात आणि दाहामुळे तीही फसते.

‘प्रतिमा स्वच्छ’ या शब्दांचा अर्थ नीट कळावा म्हणून एक हिशेब मांडून पाहू. पहिल्या अवस्थेतील २०० स्त्रिया घेतल्या आणि त्यांपैकी ३० जणींच्या ग्रंथी बाधित आहेत असे समजू. बाधितांपैकी निम्म्या प्रतिमेत सापडतात असे धरले, तर १५ सापडतील आणि १५ सुटतील. उरलेल्या १७० निर्दोष स्त्रियांपैकी १२ जणींबद्दल प्रतिमा उगाच संशय घेईल असे धरू. म्हणजे १७३ स्त्रियांना ‘स्वच्छ’ असा अहवाल मिळेल आणि त्यांपैकी १५ जणींच्या ग्रंथींत रोग दडलेला असेल. तपासणीपूर्वी शंभरांत पंधरा असलेली शक्यता तपासणीनंतर शंभरांत नऊच्या आसपास आली, इतकेच या स्वच्छ अहवालाने साधले. दुसऱ्या बाजूने पाहता, ज्या २७ जणींवर संशय घेतला गेला त्यांपैकी १२ निर्दोष आहेत. अहवालाच्या एका शब्दावर मोठा निर्णय घेऊ नये, हे या साध्या त्रैराशिकावरून दिसते. संशयित ग्रंथीतून सुईने पेशी काढून खात्री करण्याचा सल्ला तज्ज्ञ अनेकदा देतात, तो यासाठीच.

म्हणूनच अंदाज बांधताना एका खुणेवर न थांबता खुणांची बेरीज करतात. गाठ २ सेंटिमीटरहून लहान, भिंतीत वरवर रुतलेली, लसिकावाहिन्यांत शिरकाव नाही आणि प्रतिमाही स्वच्छ, असा योग असेल तर ग्रंथी बाधित असण्याची शक्यता शंभरांत मोजक्यांवर येते. गाठ चार सेंटिमीटरला टेकलेली, खोल गेलेली आणि शिरकाव उघड दिसणारा असेल, तर तीच शक्यता कितीतरी पटींनी वाढते. प्रत्येक खुणेला गुण देऊन त्यांची बेरीज शक्यतेत बदलणारे तक्ते तयार झाले आहेत. अलीकडे संगणकाला हजारो प्रतिमा दाखवून, डोळ्यांना न जाणवणारे बारीक पोत त्याच्याकडून टिपून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. ज्या रुग्णालयाच्या नोंदींवर असे तक्ते व यंत्रे तयार झाली, तेथे ती चांगली चालतात. दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या मुलखातील रुग्णांवर त्यांचा नेम बऱ्याचदा ढळतो. ज्या मुलखात क्षयरोग क्वचितच आढळतो तेथे घडलेला तक्ता सोलापूर वा गडचिरोलीच्या स्त्रीवर जसाच्या तसा लावणे धोक्याचे ठरेल.

पहिला नाका

अंदाज आणि सर्व ग्रंथी काढणे यांच्या मधला एक मार्ग गेल्या काही दशकांत पुढे आला आहे. लसिका ज्या ग्रंथीत सर्वप्रथम पोहोचते ती शोधून तेवढीच काढावी. ती निर्दोष असेल तर पुढच्याही निर्दोष असणार, हा त्यामागील विचार. रामोन काबान्यास यांनी १९७७ मध्ये पुरुषांतील एका कर्करोगाच्या संदर्भात तो मांडला आणि १९९२ मध्ये डोनाल्ड मॉर्टन यांनी त्वचेच्या कर्करोगात निळ्या रंगद्रव्याने तो व्यवहारात आणला. गर्भाशयमुखात रंगद्रव्य किंवा किंचित किरणोत्सर्गी द्रव्य टोचतात. काही मिनिटांत ते लसिकेबरोबर सरकत पहिल्या ग्रंथीत जाऊन थांबते. विशिष्ट प्रकाशात हिरवे चमकणारे द्रव्य आता अधिक पसंत केले जाते. अशी रखवालदार ग्रंथी डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंना सापडावी लागते. एका बाजूला सापडली नाही, तर त्या बाजूच्या ग्रंथी पूर्वीप्रमाणेच काढाव्या लागतात.

फ्रान्समधील १३९ स्त्रियांवरील अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रखवालदार ग्रंथी सापडलेल्यांपैकी २५ स्त्रियांच्या ग्रंथींत रोग होता आणि २३ जणींत तो या ग्रंथीनेच उघड केला. ज्यांच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सापडल्या होत्या, त्यांच्यात एकही चूक झाली नाही. या पद्धतीचा आणखी एक लाभ असा, की तीस ग्रंथी वरवर पाहण्याऐवजी विकृतिशास्त्रज्ञ दोन-तीन ग्रंथींचे अनेक पातळ काप करून त्या कसून तपासू शकतो; २ मिलिमीटरहून लहान असे रोगाचे ठिपके त्यामुळे सापडतात. अर्थात यासाठी सरावलेला शल्यविशारद, योग्य कॅमेरा आणि निष्णात प्रयोगशाळा अशी तिन्हींची जोड लागते. म्हणून अशा रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणाहून मोठ्या कर्करोग रुग्णालयाकडे पाठविणे हिताचे असते.

आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र संघाने २०१८ मध्ये अवस्था ठरविण्याचे नियम बदलले, त्यातही ग्रंथींचे हे महत्त्व प्रतिबिंबित झाले आहे. तोपर्यंत अवस्था प्रामुख्याने हाताने तपासून ठरत असे आणि ग्रंथींचा विचार तीत होत नसे. आता गाठ बोराएवढीच असली तरी ओटीपोटातील ग्रंथीत रोग असल्यास तिची गणना तिसऱ्या अवस्थेत होते. पोटातील महारोहिणीलगतच्या ग्रंथींपर्यंत रोग गेला असेल तर त्याच अवस्थेतील वरच्या पायरीवर. कागदावर ‘तिसरी अवस्था’ असे वाचून कुटुंबीयांनी आशा सोडल्याची उदाहरणे घडतात. तसे करण्याचे कारण नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर ग्रंथींत किंवा कडांशी रोग आढळलेल्या स्त्रियांना किरणांबरोबर औषधही दिले, तेव्हा चार वर्षांनंतर त्यांपैकी ८१ टक्के हयात होत्या. केवळ किरणोपचार मिळालेल्यांत ७१ टक्के.

घाईने काढलेली पिशवी

वर वर्णिलेला सारा विचार एका चुकीने वाया जातो. अंगावरून पांढरे जाते, मध्येच लाल जाते, संबंधानंतर रक्त दिसते, अशी तक्रार घेऊन चाळिशीतील स्त्री दवाखान्यात जाते आणि ‘पिशवी खराब झाली आहे’ असे सांगून गर्भाशय काढले जाते. पाळी एकदाची थांबेल, म्हणून पुष्कळदा तीही राजी होते. गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहिलेले नसते, तुकडा तपासलेला नसतो. काढलेला भाग प्रयोगशाळेत पाठविला गेला तर आठ-दहा दिवसांनी त्यात कर्करोग असल्याचे कळते. पाठविलाच नाही, तर वर्षभराने रोग परततो तेव्हा. अशा वेळी गाठ मूळ किती मोठी होती हे मोजायला जागा उरत नाही, बाजूचे पदर आत राहिलेले असतात, ग्रंथी तपासलेल्या नसतात. रखवालदार ग्रंथी शोधण्यासाठी रंगद्रव्य जेथे टोचायचे ते गर्भाशयमुखच नाहीसे झालेले असते. मग दुसरी अवघड शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, यांखेरीज फारसा पर्याय राहत नाही.

साधी शस्त्रक्रिया नेहमीच अपुरी असते असा याचा अर्थ नव्हे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २ सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या रोगाच्या ७०० स्त्रियांपैकी निम्म्या जणींवर मोठ्याऐवजी साधी शस्त्रक्रिया करण्यात आली. तीन वर्षांत ओटीपोटात रोग परतण्याचे प्रमाण अनुक्रमे २.१७ व २.५२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. परंतु तेथे गाठ आधी मोजलेली होती, खोली पाहिलेली होती आणि ग्रंथींचीही तपासणी झालेली होती. तीच शस्त्रक्रिया माहिती घेऊन केली तर बचत ठरते आणि न पाहता केली तर तोटा.

मुळात ग्रंथींच्या अंदाजाचा प्रश्न जिच्याबाबत उद्भवावा अशी रुग्ण पहिल्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचावी लागते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हे घडू शकते, याचा पुरावा सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे मिळतो. तेथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी लक्षणे समजावून सांगितल्यावर रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत येऊ लागल्या, असे तिच्या नोंदींतून दिसले. पुढे शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद व आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटात एचपीव्हीची तपासणी आयुष्यात फक्त एकदा करण्यात आली, त्या गटात आठ वर्षांच्या अवधीत पुढच्या अवस्थेतील रोग आणि त्यामुळे होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाची दखल जगभर घेतली गेली.

तपासणी शिबिरातून वा दवाखान्यातून संशयित ठरलेल्या स्त्रीला पुढे पाठविताना ग्रामपंचायतीला आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना एक गोष्ट सहज करता येते. तुकडा तपासणी झाली असेल तर केवळ अहवालाचा कागद घेऊन निघू नये. ज्या काचपट्ट्यांवरून अहवाल लिहिला गेला त्या, आणि मेणात बसविलेला मूळ तुकडा, ज्याला प्रयोगशाळेत ब्लॉक म्हणतात, तोही अर्ज करून व पोच देऊन मागून घ्यावा. काडेपेटीहूनही लहान असा हा मेणाचा ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो. पहिल्या अहवालात खोलीची नोंद राहून गेली असेल किंवा लसिकावाहिन्यांतील शिरकावाचा उल्लेखच नसेल, तर मोठ्या रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ त्याच ठोकळ्यातून नवा काप काढून ते पाहू शकतो आणि पुष्कळदा रुग्ण स्त्रीला पुन्हा तुकडा काढण्याच्या टेबलावर जावे लागत नाही.